मदत हवी आहे: डिसेंबरातलं वादळ, किनाऱ्यालगतचं कौलारू घर आणि हलायला तयार नसलेले बाबा

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ठाण्यात असते. आई-बाबा गावी असतात, दापोली तालुक्यात, केळशी आणि हर्णैच्या मधल्या पट्ट्यात. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. पुढे पोफळी-माडांची वाडी आणि वाडी संपली की पुळणच, म्हणजे समुद्रकाठची वाळू. मागच्या अंगाने खाडीला मिळणारा पऱ्या (ओढा) आहे. बाबा ७८ वर्षांचे, आई ७३ ची. आईला रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं आणि गुडघ्यांमुळे आधाराशिवाय पायरी चढता येत नाही.

अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होतोय असं हवामान खातं कालपासून सांगतंय. आज जिल्ह्याला नारिंगी इशारा आला, होड्यांना परत बोलावलंय. आज मंगळवार, आणि शुक्रवारी अमावास्या आहे.

बाबांना फोन केला तर म्हणाले, "अगं, निसर्ग वादळात अर्धी वाडी आडवी झाली तेव्हा या घरातच होतो आम्ही. आता थंडीत कसलं वादळ घेऊन बसलीस?" आणि हे खरंच आहे. ३ जून २०२० ला ते वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला आत शिरलं तेव्हा दोघं माजघरात बसून राहिली होती. पडवीवरची कौलं गेली, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. पण त्यातून सुखरूप निघाले म्हणून त्यांना वाटतं की या घराला काही होत नाही. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. तेव्हा ते ७० च्या थोडे पुढे होते आणि आई स्वतःच्या पायाने चालत होती.

दुसरं असं की जूनमध्ये घर पावसासाठी तयार असतं. मे महिन्यात कौलं परतून झालेली असतात, पडवीला झडी (पावसाचे आडोसे) लागलेल्या असतात, लाकडं आत रचलेली असतात, होड्या वर ओढलेल्या असतात. आत्ता यातलं काहीही नाही. अंगणात दिवाळीनंतर घातलेला मांडव उभा आहे, त्याखाली सुपारी वाळतेय, गोठ्याशेजारी पेंढ्याची उडवी आहे. पाच महिने पावसाने झोडपून फुटलेली कौलं येत्या मेमध्येच बदलली जाणार. सगळं घर उघडं आहे आणि कुणाच्या मनात वादळ नाही.

वर सड्यावर (पठारावर) चुलत काकांचं पक्कं स्लॅबचं घर आहे, रिक्षाने वीस मिनिटं. ते न्यायला तयार आहेत. पण बाबा गायीला सोडून जाणार नाहीत.

मला विचारायचंय की खरंच हलवायची गरज आहे का, की मी इथे बसून उगाच घाबरतेय? हलवायचं तर नक्की केव्हा? आणि नाहीच आले, तर गडी बोलावून एका दिवसात घराचं काय काय करून घेता येईल? आईच्या इन्सुलिनचं वीज गेल्यावर काय करायचं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद, देवबागहून

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. म्हणून वाऱ्याचं राहू दे, पाण्याबद्दल सांगतो.

हिवाळी वादळात आमच्याकडे बहुतेक वेळा वाऱ्यापेक्षा पाण्याने नुकसान केलंय. २०१७ चं ओखी आमच्या किनाऱ्यापासून लांबूनच वर गेलं. पण ३ डिसेंबरला पौर्णिमा होती. उधाणाचं पाणी आणि वादळाच्या लाटा एकत्र आल्या. २०१९ ला क्यार ऐन दिवाळीत आलं, तेही किनाऱ्याला न लागता ओमानच्या दिशेने गेलं, आणि तेव्हाही अमावास्या जवळच होती. म्हणून "वादळ आपल्याकडे येणार नाही" एवढ्यावर निवांत बसू नका. वादळ शेकडो किलोमीटर दूर असलं तरी त्याच्या लाटा इथे पोचतात.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब तुमच्या बाबांना नक्की ठाऊक असणार: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाही आणि रात्रीही. आता यात हिवाळ्याची एक गोष्ट आहे जी पावसाळ्यात नसते. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. म्हणजे तुमच्याकडे सगळ्यात जास्त पाणी शुक्रवारी आणि त्यानंतरच्या दोन रात्री, मध्यरात्रीच्या आसपास चढणार. तेव्हा अंधार असेल, वीज नसेल आणि माणसं झोपलेली असतील. बाबांना वादळाच्या गोष्टी सांगू नका, हा भरतीचा हिशेब सांगा. तो त्यांचा स्वतःचा आहे, तो ते मानतील.

आणि पाणी पुळणीकडूनच येईल असं धरू नका. मागच्या पऱ्यातून आधी येतं. भरतीचं पाणी खाडीत तुंबलं आणि वरून पाऊस पडला की पऱ्याला जायला वाट नसते, तो उलटा फिरतो. आमच्याकडे माणसं समुद्राकडे बघत उभी असतात आणि पाणी परसातून आत येतं. शिवाय तुमची सड्याकडे जायची वाट त्या पऱ्यावरच्या साकवावरून (छोट्या पुलावरून) जात असेल, तर पाणी चढल्यावर ती राहणार नाही. तेव्हा हलवायचं ते गुरुवारी दुपारी, उजेड असताना. शुक्रवारची वाट बघू नका.

धागाकर्ती

साकवावरूनच जाते. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

प्रतिसाद

इतकं घाबरवू नका हो त्यांना. अरबी समुद्रातली बहुतेक वादळं गुजरात नाहीतर ओमान-येमेनकडे जातात. दर वर्षी टीव्हीवर आरडाओरडा होतो आणि इथे चार सरी पडतात.

प्रतिसाद, हर्णैहून

वरच्या दादांचं बहुतेक वादळांबाबत बरोबर आहे. पण फयान ११ नोव्हेंबर २००९ ला इकडेच वळलं आणि अलिबाग-मुंबईच्या मध्ये आत शिरलं. होड्या बाहेर होत्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी माणसं परत आली नाहीत. आमच्या वाड्यातली दोन घरं अजून नोव्हेंबर आला की गप्प होतात. म्हणून आम्ही आता चार सरीच पडल्या तर देवाचे आभार मानतो, पण होडी बंदरात आणतो.

बंदरावरचा बावटा विचारत जा. एक-दोन नंबर म्हणजे वादळ लांब दर्यात आहे. तीन-चार म्हणजे बंदराला वाऱ्याचा धोका. पाचपासून वर गेला की विचार करत बसायचं नाही.

आता घराचं. सगळ्यात आधी मांडव उतरवा. वारा मांडवाखाली शिरला की तो अख्खा उचलतो आणि पडवीवर आणून आपटतो, आणि पडवी गेली की मागची कौलं जायला वेळ लागत नाही. बांबू, पोफळीचे खांब मोकळे ठेवू नका, एकत्र बांधून भिंतीलगत आडवे टाका. मग पाडेल्याला बोलावून घराजवळच्या माडांचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या काढून घ्या. वाऱ्यात सुटलेला नारळ कौल फोडून आत येतो, मी बघितलाय.

छपराला वारा खालून, वळचणीकडून धरतो. तिथल्या आणि आढ्यावरच्या कौलांकडे आधी लक्ष द्या, सुटलेली असतील ती तारेने रिपांना बांधा. एवढं करायला वेळ नसेल तर जुनं जाड जाळं छपरावर पसरा आणि दोन्ही बाजूंना दोर सोडून त्याला चिरे लटकवा. जाळं आमच्याकडून घेऊन जा, कोळीवाड्यात कुणीही देईल. पण ओल्या कौलांवर कुणाला चढवू नका. जे करायचं ते उद्या बुधवारी, पाऊस सुरू व्हायच्या आत. बाबांना तर शिडीला हातही लावू देऊ नका.

दारं-खिडक्या बंद. "एक खिडकी उघडी ठेवली की वारा निघून जातो" असं म्हातारी माणसं म्हणतात, ते खरं नाही. आत शिरलेला वारा छपराला वर ढकलतो.

मधेच वारा एकदम पडला तरी कुणी अंगणात यायचं नाही. वादळाचा डोळा वरून जात असेल तर घटकाभर शांत होतं आणि मग उलट्या दिशेने तसाच वारा सुटतो. झाड बघायला, गुरं बघायला म्हणून बाहेर आलेली माणसं त्यात सापडतात.

गायीचं सांगू? तिला आधी सड्यावर पाठवा. गडी उद्याच चालवत नेईल. गाय गेली की बाबा तिच्या मागून जातील.

प्रतिसाद

मी परिचारिका आहे, काकूंच्या इन्सुलिनबद्दल लिहिते. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, म्हणून वीज गेली तर लगेच घाबरू नका. न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो. वीज गेल्यावर फ्रिजचं दार सारखं उघडू नका. नंतर बाटल्या कोरड्या पिशवीत गुंडाळून ओल्या फडक्याच्या मडक्यात, सावलीत ठेवा. बर्फाला थेट लावू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. एरवी स्वच्छ दिसणारं औषध गढूळ दिसलं तर वापरू नका.

आणि धावपळीत इन्सुलिन टोचलं पण जेवण राहिलं, असं फार वेळा होतं. साखर उतरते, माणूस गोंधळतो, आणि घरच्यांना वाटतं की भीतीने झालंय. काकूंच्या पदराला गूळ किंवा साखर बांधलेली असू दे. गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो तुमच्या फोनमध्ये घ्या, पंधरा दिवसांची औषधं प्लास्टिकच्या डब्यात भरून त्यांच्याबरोबर द्या.

काकांच्या घरी जनरेटर असेल तर तो पडवीत किंवा बंद खोलीत लावू देऊ नका. थंडी म्हणून दार लावून कोळशाची शेगडीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, माणसं झोपेत जातात.

प्रतिसाद

थोडंसंच. ठाण्याहून नुसतं १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर) लावलंत तर फोन ठाण्याच्या नियंत्रण कक्षात जाईल. रत्नागिरीसाठी आधी ०२३५२ लावा. बाकी ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८ आहेच. गावी निदान एक फोन पूर्ण चार्ज करून बंद ठेवा. निघायच्या आधी घराचे, छपराचे, वाडीचे फोटो काढायला सांगा, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात. निघताना मेन स्विच आणि गॅस बंद. पाणी ओसरल्यावर परत येताना तुटलेल्या तारेजवळ कुणी जायचं नाही, आणि हात घालायच्या आधी काठीने बघायचं. पाण्याने बिळातून निघालेले साप घरात कोरडी जागा शोधतात.

धागाकर्ती, बुधवारी रात्री

मांडव उतरवला. सुपारी पोत्यांत भरून माळ्यावर गेली. हर्णैहून जाळं आलं, आणणाऱ्याने पैसे घेतले नाहीत. भरतीचा हिशेब सांगितल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्रीचं पाणी थंडीत मोठं असतं हे मला सांगतेस होय?" आणि पुढे, "साकव जाईल खरा." गाय दुपारीच वर गेली. उद्या जेवून ते दोघं निघतायत.

धागाकर्ती, सोमवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. वादळ किनाऱ्याला न लागता वायव्येला गेलं. वारा सोसाट्याचा होता, पण छपराची सातआठ कौलंच गेली. शनिवारी मध्यरात्री पाणी मात्र आलं, आणि देवबागच्या दादांनी लिहिलं होतं तसंच, परसाच्या बाजूने. गोठ्यात गुडघाभर, मागच्या पडवीत वीतभर. साकव पाण्याखाली होता, सकाळपर्यंत कुणाला ये-जा करता आली नाही. आई त्या पडवीच्या खोलीत झोपते.

दोघंही अजून वरच आहेत. आता एक प्रश्न. विहिरीत खारं पाणी शिरलंय. बाबा म्हणतात मोठा पंप लावून एका दिवसात सगळी उपसून टाकू. करू द्यावं का? आणि पोफळींचं काय?

प्रतिसाद, देवबागहून

दोघं सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं.

एकदम उपसू देऊ नका. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जोरात उपसलं तर खालचं खारं आणखी वर येतं. थोडं थोडं काढा, मध्ये वेळ द्या, रोज चव घेऊन बघा. खरी गोडी पुढच्या पावसानेच येईल. ब्लिचिंग पावडरने जंतू मरतात, खारटपणा जात नाही, तोपर्यंत पिण्याचं पाणी बाहेरून आणा. माडांची काळजी नको, ते खारं सोसतात. पोफळी सोसत नाहीत. वाडीत साचलेलं पाणी पाट काढून आजच बाहेर घालवा आणि नळाचं पाणी मिळेल तितकं पोफळींच्या बुंध्यांना द्या, आधी लहान रोपांना.