माडावरच्या गॅनोडर्मा बुरशीचा अर्क: गाळ कमी, साखरेचा आकडा जास्त

रानअळमी, फोंडा
माडाच्या बुंध्यावरचं चकचकीत तांबूस गॅनोडर्मा वाळवून दळलं. 50 ग्रॅम पूड, 1 लिटर पाणी, 95 अंशांवर 2 तास. गाळून तेवढंच 95 टक्के अल्कोहोल घातलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. पॉलिसॅकराइडचा (साखरांच्या लांब साखळ्यांचा) गाळ जेमतेम, तोही तपकिरी. फिनॉल-सल्फ्युरिक चाचणीत मात्र साखर भरपूर. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीचे आकडेही दरवेळी वेगळे. कुठे बिघडतंय?

बुरशीवाला
समभाग मिसळलंत तर अल्कोहोल जेमतेम 47 टक्के होतं, त्यात फक्त मोठे रेणू खाली बसतात. गाळलेलं पाणी आधी 100 मिलीपर्यंत आटवा, मग चौपट अल्कोहोल घाला. धार बारीक ठेवा, सतत ढवळा. एकदम ओतलं की चिकट गोळे होतात आणि रंग आतच अडकतो.

मुळात क्रमच बदला. आधी पूड दहापट अल्कोहोलमध्ये 60 अंशांवर कंडेन्सर (वाफ थंड करून परत आणणारी नळी) लावून 2 तास, दोनदा. उघड्या आचेवर अजिबात नको. ट्रायटर्पीन नावाची कडू द्रव्यं, बराचसा रंग आणि सुट्या साखरा त्यात निघतात. हा अर्क वेगळा जपा. उरलेला चोथा सुकवूनच पाण्यात घ्या.

आणि बुरशीचं फळ ओलं असतानाच पातळ काप करून 50 अंशांवर वाळवा. अख्खं सुकवून मिक्सरला लावलं की नुसता कापसासारखा भुसा होतो.

म्हापसेकर
फिनॉल-सल्फ्युरिक सगळीच साखर मोजतं, बीटा-ग्लुकन (बुरशीतलं पॉलिसॅकराइड) वेगळं दाखवत नाही. फिल्टर पेपरचा एखादा तंतू नळीत पडला तरी रंग चढतो, म्हणून आधी सेंट्रिफ्यूज करा. 1 मिली नमुना, 1 मिली 5 टक्के फिनॉल, 5 मिली तीव्र आम्ल; आम्ल थेट द्रवावर झटकन सोडायचं, कारण त्या उष्णतेवरच रंग अवलंबून असतो. गॉगल आणि फ्यूम हूड हवंच. वाचन 490 नॅनोमीटरला, ग्लुकोजच्या प्रमाणरेषेच्या (माहीत तीव्रतांवरून काढलेल्या आलेखाच्या) आतच. बीटा-ग्लुकनसाठी एन्झाइम किटने एकूण ग्लुकन काढून त्यातून अल्फा-ग्लुकन वजा करा.

पावसाळ्यात सुका गाळ हवेतलं पाणी भराभर ओढतो. डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून) काढल्या काढल्या वजन केलं नाही, तर टक्केवारी खोटी येते.

सत्तरीकार
डीपीपीएच हे रसायन मिथेनॉलमध्ये असतं. त्यात पॉलिसॅकराइड न विरघळता वेगळं पडून गढूळपणा येतो, 517 नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण वाढतं आणि अँटिऑक्सिडंट क्रिया कमी दिसते. प्रत्येक तीव्रतेला डीपीपीएचविना नमुन्याचा ब्लँक (तुलनेची नळी) ठेवा, तो वजा करा. 30 मिनिटं अंधारात. पण हा आकडा नळीतला आहे, त्यावरून औषधी गुण सांगता येत नाही.

नमुन्याला सरसकट ‘ल्युसिडम’ (गॅनोडर्माची एक जात) म्हणू नका. माडावर गॅनोडर्माच्या इतर जातीही येतात. आयटीएस (जात ओळखायचा डीएनएचा तुकडा) सिक्वेन्स करा, एक सुका तुकडा नोंदीसह जपून ठेवा. शिसं आणि कॅडमियम तपासल्याशिवाय कुणाला प्यायला देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांना तर नकोच.