मदत हवी आहे: स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये संगणकाचा आवाज आणि माइक दोन्ही नीट कसे घ्यायचे?

पाटीपेन्सिल

मंडळी, विंडोज ११ च्या लॅपटॉपवर शिकवणीचे व्हिडिओ रेकॉर्ड करायचे आहेत. स्क्रीनवर स्लाइड्स, अधूनमधून एखादी ध्वनिफीत किंवा चित्रफीत आणि त्यावर माझं बोलणं. कधी ऑनलाइन मीटिंगही रेकॉर्ड करावी लागते. ओबीएस स्टुडिओ (स्क्रीन रेकॉर्डिंगचा मोफत प्रोग्रॅम) वापरते आहे, ब्लूटूथ हेडसेट आहे, त्याचाच माइक.

अडचणी अशा:
- रेकॉर्डिंग सुरू करायच्या तयारीला लागलं की ध्वनिफितीचा आवाज एकदम फोनवरून ऐकल्यासारखा बसका होतो.
- हेडसेट काढून लॅपटॉपच्या स्पीकरवर घेतलं, तर आवाज खुलतो पण सगळं दोनदा ऐकू येतं.
- मीटिंगमध्ये माझा आवाज येतो, समोरच्यांचा येतच नाही. मला मात्र कानात स्पष्ट ऐकू येत असतो.

ओबीएसच सुधारायचं की दुसरं काही वापरायचं? आणि एकदा चुकीचं रेकॉर्ड झालं की मागाहून काही दुरुस्त करता येतं का?

कळफलक

ओबीएस बदलू नका. तिन्ही अडचणींचं मूळ ओबीएसच्या बाहेर आहे.

बसका आवाज ब्लूटूथमुळे. नेहमीच्या ब्लूटूथ हेडसेटला दोन अवस्था असतात. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा तो एटूडीपी प्रोफाइलवर चालतो: स्टिरिओ, चांगला दर्जा, पण आवाज एकाच दिशेने. कुठल्याही प्रोग्रॅमने त्याचा माइक उघडला की हेडसेट हँड्स-फ्री प्रोफाइलवर जातो. तिथे आवाज मोनो होतो आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. १६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटमध्ये ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही, म्हणून झांजा, टाळ्या, 'स' आणि 'श' सगळं बोथट होतं. ओबीएस उघडताक्षणी माइक ताब्यात घेतो, त्यामुळे रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधीच हे घडतं.

उपाय एकच: हेडसेटचा माइक वापरू नका. ऐकायला हेडसेट राहू दे, माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा यूएसबीचा निवडा. ओबीएसमध्ये सेटिंग्ज > ऑडिओ > ग्लोबल ऑडिओ डिव्हायसेस इथे 'डेस्कटॉप ऑडिओ' आणि 'माइक / ऑक्झिलरी ऑडिओ' ही दोन खाती आहेत. दोन्हींत 'डिफॉल्ट' असेल तर ते काढून उपकरण नावानिशी निवडा. 'डिफॉल्ट' ठेवलं की हेडसेट जोडताच विंडोज आपलं डिफॉल्ट बदलतं आणि ओबीएस मुकाट्याने त्याच्या मागे जातं. मीटिंगच्या ॲपमध्येही माइक तोच निवडा. एका जरी प्रोग्रॅमने हेडसेटचा माइक धरून ठेवला तरी आवाज पुन्हा बसेल.

तारेचा हेडफोन मिळाला तर सर्वात उत्तम. ब्लूटूथवर कानापर्यंत आवाज पोचायला सहज १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. रेकॉर्डिंगमध्ये संगणकाचा आवाज मात्र हवेत जाण्याआधीच उचललेला असतो, म्हणून तो चित्राशी बरोबर जुळतो. पण तुम्ही कानात ऐकून 'हा बघा, हा सूर' म्हणालात तर फाइलमध्ये तो सूर केव्हाच वाजून गेलेला असतो.

शून्य डीबी

मीटिंगचं कोडं मी घेतो. 'डेस्कटॉप ऑडिओ' म्हणजे संगणकात वाजणारं सगळं, असा समज असतो. प्रत्यक्षात निवडलेल्या एका आउटपुट उपकरणाकडे जाणारा आवाजच तिथे पकडला जातो. विंडोजमध्ये 'डिफॉल्ट डिव्हाइस' आणि 'डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस' ही दोन वेगळी पदं आहेत. मीटिंगची ॲप्स अनेकदा दुसऱ्याकडे आवाज पाठवतात. तुमच्या बाबतीत समोरच्यांचा आवाज हेडसेटकडे जातो आहे आणि ओबीएस स्पीकरवर कान लावून बसलं आहे.

सेटिंग्ज > सिस्टिम > साउंड, तिथे तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज'. प्लेबॅकच्या टॅबवर दोन्ही पदं एकाच उपकरणाला द्या (राइट क्लिक करून), आणि ओबीएसच्या डेस्कटॉप ऑडिओलाही तेच उपकरण निवडा. त्याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' टॅबवर 'डू नथिंग' करा. तिथे इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो, आणि कॉल सुरू होताच ध्वनिफीत अचानक बारीक होते ती त्यामुळे.

दुसरा मार्ग: ओबीएसच्या सोर्सेसमध्ये (चित्र-आवाज कुठून घ्यायचे त्या यादीत) 'ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर' आहे. त्यात फक्त मीटिंगचं ॲप किंवा फक्त ब्राउझर निवडता येतो, सूचनांचे टिंगटिंग आवाज रेकॉर्डिंगमध्ये शिरत नाहीत. पण हे वापरलंत तर ग्लोबल डेस्कटॉप ऑडिओ 'डिसेबल्ड' करायलाच हवा. नाहीतर तोच आवाज दोन वाटांनी येतो आणि पोकळ, धातूच्या नळीतून आल्यासारखा वाटतो.

मीटिंग रेकॉर्ड करताना सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून संमती घ्या.

खर्जातला सा

आता दोनदा ऐकू येण्याबद्दल. त्याची चार कारणं असू शकतात आणि अंदाजाने बटणं फिरवण्यात वेळ जातो. आधी आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर (एकाच फाइलमधल्या आवाजाच्या स्वतंत्र पट्ट्यांवर) घ्या, मग कारण आपोआप सापडेल. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे: ट्रॅक वेगळे असतील तरच मागाहून दुरुस्ती शक्य आहे. एकत्र मिसळलेल्या आवाजातून माइक सोलून काढणं फार कठीण.

सेटिंग्ज > आउटपुट > आउटपुट मोड 'ॲडव्हान्स्ड' करा. 'रेकॉर्डिंग' टॅबवर ऑडिओ ट्रॅक १, २ आणि ३ वर खूण करा. मग मुख्य खिडकीतल्या ऑडिओ मिक्सरमधून 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' उघडा. डेस्कटॉप ऑडिओच्या ओळीत १ आणि २, माइकच्या ओळीत १ आणि ३, बाकीच्या खुणा काढा. ट्रॅक १ वर दोन्हींचं मिश्रण राहतं. हे मिश्रण पहिल्याच ट्रॅकवर हवं, कारण बहुतेक प्लेयर आणि व्हिडिओ साइट्स पहिला ट्रॅकच वाजवतात. 'माझा आवाज रेकॉर्डच झाला नाही' अशा कितीतरी तक्रारींत आवाज दुसऱ्या ट्रॅकवर शाबूत असतो. व्हीएलसी प्लेयरमध्ये ऑडिओ मेनूतून ट्रॅक बदलून खात्री करता येते.

आता अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या. दहा सेकंद फक्त ध्वनिफीत, दहा सेकंद फक्त तुमचं बोलणं, दहा सेकंद दोन्ही. मग एकेक ट्रॅक ऐका.

ट्रॅक ३ वर (माइक) ध्वनिफीत ऐकू आली: स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो आहे. हेडफोनशिवाय यावर खरा उपाय नाही.

ट्रॅक २ वर (संगणक) तुमचं बोलणं ऐकू आलं: माइक कुठेतरी आउटपुटकडे वळवलेला आहे. दोन जागा तपासा. 'मोअर साउंड सेटिंग्ज' > रेकॉर्डिंग > तुमचा माइक > प्रॉपर्टीज > 'लिसन' टॅबवर 'लिसन टू धिस डिव्हाइस' ची खूण काढा. आणि ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये माइकचं मॉनिटरिंग (रेकॉर्ड होताना तोच आवाज कानात ऐकणं) 'मॉनिटर ऑफ' ठेवा. 'मॉनिटर अँड आउटपुट' असेल तर माइक हेडफोनकडे जातो, तिथून डेस्कटॉप ऑडिओ त्याला पुन्हा उचलतो.

२ आणि ३ स्वच्छ, पण १ वर गोंधळ: तोच माइक ग्लोबल सेटिंगमध्येही आहे आणि सीनमध्ये (ओबीएसमधल्या स्क्रीनच्या मांडणीत) वेगळा सोर्स म्हणूनही जोडला आहे. एक काढा.

तुमच्या वर्णनावरून पहिलं कारण दिसतं, तरी चाचणी घ्याच. दोन कारणं एकत्र असणं सर्रास घडतं.

कळफलक

फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी४ मध्ये फाइलचा ताळेबंद अगदी शेवटी लिहिला जातो. मध्येच वीज गेली किंवा ओबीएस बंद पडलं तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्ही जिथपर्यंत लिहिली गेली तिथपर्यंत चालते. नंतर फाइल मेनूतून 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' केलं की दर्जा न घटता काही सेकंदांत एमपी४ मिळते, तिन्ही ट्रॅकसकट. ओबीएस ३०.२ पासून 'हायब्रिड एमपी४' हा पर्यायही आला आहे, त्यात हा धोका टळतो.

जागेचा हिशोब: ६००० केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) बिटरेटला तासाला साधारण २.७ जीबी. स्लाइड्ससाठी १०८० पी आणि सेकंदाला ३० फ्रेम पुष्कळ झाल्या.

शून्य डीबी

पातळीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ओबीएसच्या मीटरवर उणे २० डेसिबलपर्यंत हिरवा, उणे २० ते उणे ९ पिवळा, त्यापुढे लाल. बोलण्याची टोकं पिवळ्यात नाचली पाहिजेत. बोलत असताना मागे वाजणारा संगणकाचा आवाज उणे ३० च्या आसपास ठेवा, नाहीतर शब्द बुडतात. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. हळू झालेला वाढवता येतो. म्हणून शंका असेल तर कमीच ठेवा. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, किंचित बाजूला. समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' चे फटके बसतात.

माइकवर राइट क्लिक > फिल्टर्स. आधी नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट कमी करतं; त्यात आरएनएन-नॉइज ही पद्धत), मग कॉम्प्रेसर (मोठा-हळू आवाज जवळ आणतो) ३:१ आणि थ्रेशोल्ड, म्हणजे तो कुठून लागू होतो ती पातळी, उणे १८, शेवटी लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ देत नाही) उणे ३. क्रम हाच ठेवा. कॉम्प्रेसर आधी लावला तर तो पंख्याची घरघर वर आणतो आणि मग सप्रेशनला जास्त काम पडतं. नॉइज गेट (ठरलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारा फिल्टर) मी सुचवणार नाही. मराठी वाक्याच्या शेवटचा 'आहे' बहुतेकांचा खाली उतरतो आणि गेट नेमका तोच गिळतो. डेस्कटॉप ऑडिओवर मात्र सप्रेशन अजिबात लावू नका, तो संगीतालाच गोंगाट समजून खरवडतो.

मागचा बाक

धाग्यात बसतं म्हणून विचारतो. मॅकवर हेच करायचं तर? क्विकटाइममध्ये माइक येतो, संगणकाचा आवाज येत नाही.

कळफलक

क्विकटाइम एकच इनपुट घेतं, आणि संगणकाचा आवाज इनपुट म्हणून त्याला दिसतच नाही. मॅकओएस १३ किंवा पुढचं असेल तर ओबीएसमध्ये 'मॅकओएस स्क्रीन कॅप्चर' सोर्स जोडा, चित्राबरोबर आवाजही येतो. सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' मध्ये स्क्रीन रेकॉर्डिंग आणि मायक्रोफोन या दोन्ही परवानग्या द्या आणि ओबीएस बंद करून पुन्हा उघडा.

जुन्या मॅकओएसवर ब्लॅकहोल हा आभासी ड्रायव्हर (संगणकाचा आवाज इनपुट म्हणून दाखवणारा) घ्या, २ चॅनेलचा पुरे. 'ऑडिओ मिडी सेटअप' मध्ये अधिकच्या चिन्हावरून 'मल्टी-आउटपुट डिव्हाइस' करा, त्यात हेडफोन आणि ब्लॅकहोल दोन्हींवर खूण, 'ड्रिफ्ट करेक्शन' ब्लॅकहोलच्या ओळीत. मॅकचं आउटपुट हे नवं उपकरण, ओबीएसमध्ये इनपुट ब्लॅकहोल, माइक वेगळा. या व्यवस्थेत कीबोर्डवरची आवाजाची बटणं चालत नाहीत, म्हणून पातळी आधीच ठरवून घ्या.

लिनक्सवाल्यांना यातलं काहीच लागत नाही. प्रत्येक आउटपुटचा 'मॉनिटर' तिथे इनपुट म्हणून आयता मिळतो.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचणी घेतली. ट्रॅक ३ वर ध्वनिफीत होतीच, पण ट्रॅक २ वर माझाही आवाज सापडला, 'लिसन' ची खूण होती. आता तारेचा हेडफोन आणि यूएसबी माइक. मीटिंगचा आवाजही येतो.

एक उरलंय. लांब रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला आवाज आणि चित्र जुळतात, पण तासाच्या शेवटी माझं बोलणं किंचित मागे पडतं. संगणकाचा आवाज बरोबर असतो.

खर्जातला सा

सुरुवातीपासून सारखाच फरक असता तर ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमधला 'सिंक ऑफसेट' पुरला असता (धन आकडा आवाज मागे ढकलतो). वाढत जाणारा फरक वेगळा. यूएसबी माइकमध्ये स्वतःचं घड्याळ असतं, लॅपटॉपच्या साउंड कार्डाचं वेगळं. दोन्हींत दहा लाखांत १०० भागांचा फरक असला तरी तासाभरात ०.३६ सेकंद होतात.

आधी सॅम्पल रेट सगळीकडे एकच करा. माइक आणि हेडफोन, दोन्हींच्या प्रॉपर्टीज > ॲडव्हान्स्डमध्ये ४८००० हर्ट्झ, ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ. एवढ्याने फरक बराच कमी होतो. उरलाच तर दर वीस-पंचवीस मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबवून नवी फाइल सुरू करा, साचायला वेळच मिळत नाही.

झालेली फाइलही वाचेल, ट्रॅक ३ वेगळा आहे ना. तो ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये) उघडा, 'चेंज स्पीड अँड पिच' मध्ये टक्केवारी ०.०१० द्या (३६०० सेकंदांत ०.३६ मागे असेल तर, तुमचा फरक मोजून त्याच प्रमाणात बदला). मग एडिटरमध्ये ट्रॅक २ आणि हा सुधारलेला माइक चित्राखाली लावा, ट्रॅक १ काढून टाका. फरक मोजायला सोपं जावं म्हणून पुढच्या वेळी सुरुवातीला आणि शेवटी माइकसमोर एक क्लिक करा, माउसचं बटण ऐकू येईल असं, आणि त्याच क्लिकने स्लाइड बदला.

पाटीपेन्सिल

०.०१० ने जुळलं. आता ४८ किलोहर्ट्झ सगळीकडे करून पुढचं रेकॉर्डिंग घेते.