मदत हवी आहे: 'स्वस्तात लग्न' म्हणायचं नाही, मग काय म्हणायचं?

मंडळी, एका शब्दावर आठ दिवस अडकले आहे.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. आमच्या महिला मंडळाने गावात सामुदायिक विवाहाचं ठरवलंय. एकच मांडव, एकच जेवण, मानपान आणि आहेर बंद. माहितीपत्रक दोन भाषांत आहे, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. मराठी बाजू माझ्याकडे. मी मथळा केला, 'स्वस्तात लग्न'. बैठकीत वाचून दाखवला तर एक मावशी उठल्या, "आमच्या पोरी काय स्वस्त हाईत व्हय?" सगळ्या गप्प झाल्या. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून विचार करतेय. 'स्वस्त' हा शब्द वस्तूला चिकटतो. रविवार पेठेत तांदूळ स्वस्त मिळाला तर आनंदच, पण लग्न स्वस्त म्हटलं की तो शब्द मुलीपर्यंत पोचतो. 'कमी खर्चात' म्हटलं तर तो कामाला चिकटतो, माणसाला डाग लागत नाही. पण मथळ्यात तो कोरडा वाटतो, सरकारी योजनेसारखा.

'काटकसर' मला आवडतो. तो थेट माणसाविषयी बोलतो आणि त्यात कौतुक आहे. कंजूष माणूस पैसा धरून ठेवतो, काटकसरी माणूस एकीकडचा वाचवून दुसरीकडे लावतो. माझी आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची आणि वाचलेल्या पैशात आमच्या वह्या यायच्या. तिला कोणी चिक्कू म्हटलं असतं तर मी भांडले असते. तरी आपण आपल्याविषयी 'काटकसरीने केलं' म्हणतो तेव्हा ते शोभतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन 'काटकसर करा' म्हटलं की उपदेश होतो.

'बेताचं' घ्यावं तर 'बेताची परिस्थिती' आठवते, म्हणजे गरिबीच. 'माफक' दराला आणि शुल्काला बरा. 'किफायतशीर' मला बाजारातला वाटतो, त्यात कुणाचा तरी फायदा डोकावतो. 'सवंग' तर विचारूच नका. तो एके काळी 'महाग'च्या उलट असा साधा शब्द होता, आता 'सवंग लोकप्रियता' यापलीकडे त्याला कोणी चांगल्या घरात घेत नाही.

आणि क्रियापदही सांभाळावं लागतं. 'कमी खर्चात उरकलं' म्हटलं की ओझं टाकल्यासारखं वाटतं. 'भागवलं' यात ओढाताण दिसते. 'पार पाडलं' म्हटलं तर खर्च तोच, पण मान राहतो.

कन्नड बाजूला मास्तरांनी 'सरळ विवाह' लिहिलंय, तिकडे सरळ म्हणजे साधा. ते तसंच मराठीत उचललं तर बाकीची लग्नं वाकडी ठरतील! त्याखाली 'कडिमे वेच्च' आहे, कमी खर्च. आपल्या 'खर्चवेच'मधला वेच आणि हा वेच्च एकाच 'व्यय'ची लेकरं, पण आपल्याकडे नुसता 'वेच' आता कोणी बोलत नाही.

'कोंड्याचा मांडा करणे' सुचलं होतं. आपल्या बेळगावात मांडे लग्नाकार्याचेच, म्हणून छान बसेल वाटलं. पण मथळ्यात 'कोंडा' आला तर त्या मावशी पुन्हा उठतील.

कृपया सुचवा. शब्द असा हवा की वाचणाऱ्या बापाला आपण कमी पडलो असं वाटू नये.

प्रतिसाद १
ताई, 'साधेपणाने' घ्या. त्यात पैशाचा उल्लेखच नाही. कमी खर्च परिस्थितीमुळे होऊ शकतो, साधेपणा माणूस स्वतः निवडतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय, थोड्या खर्चात लग्न लावलं. आजही अशा लग्नांविषयी आपण 'साधेपणाने झालं' असंच म्हणतो. स्वस्तात झालं असं कोणी म्हणत नाही.

'आटोपशीर'ही बघा. पण तो आकाराचा शब्द आहे, आटोपशीर स्वयंपाकघर, आटोपशीर भाषण. शंभर जोडप्यांच्या मांडवाला तो चालणार नाही.

प्रतिसाद २
मी निपाणीचा. आई विड्या वळायची, त्यामुळे 'भागवणे' हा शब्द घरात रोजचा होता. तुम्ही म्हणता तशी ओढाताण त्यात आहेच, पण आईच्या तोंडी त्यात अभिमानही असायचा, "भागवलं, कुणापुढं हात पसरला नाही." म्हणून मला वाटतं, विशेषण शोधूच नका, बापाला भीती कशाची आहे ते लिहा. भीती कर्जाची आहे. गाडगेबाबा कीर्तनात हेच सांगत, कर्ज काढून लग्न करू नका, बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या पण पोराला शाळेत घाला. तिथं 'कमी भावाचं' कुणाला बोचत नाही, कारण वाचलेला पैसा कुठं जाणार ते पुढच्याच शब्दात आहे.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल बैठकीत दोन्ही वाचून दाखवलं. मथळा ठरला, 'कर्ज न काढता लग्न', आणि त्याखाली 'साधेपणाने, सगळ्यांच्या साक्षीने'. मावशींनी स्वतः दोनदा वाचला आणि मान हलवली. कन्नड बाजूलाही मास्तर त्याखाली 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' ही म्हण घालणार आहेत. आपलं 'अंथरूण पाहून पाय पसरावे' अर्थाने तेच.

आता फक्त जेवणाची ओळ राहिलीय. 'मोजकं जेवण' लिहिलं तर पाहुण्यांना वाटेल पोट भरणार नाही. 'साधं जेवण' लिहावं तर 'साधेपणाने' वर आलंच आहे. सध्या 'एक गोड, एक भाजी, पोटभर' असं लिहून ठेवलंय. याहून बरं कुणाला सुचतंय का? शनिवारी छापायला द्यायचं आहे.