जुना लॅपटॉप आणि फोन ओळख नसलेल्या माणसाला विकतोय, पावती कशी करायची?

विकणारा_१
मंडळी, सल्ला हवाय. माझा लॅपटॉप आणि एक फोन दोन्ही काढायचेत, ऑनलाइन जाहिरात टाकली होती आणि एकजण दोन्ही घ्यायला तयार आहे, पण ओळखीचा नाही. दुकानात दिलं असतं तर कागदपत्रं त्यांनीच केली असती पण भाव फारच पाडून मागत होते म्हणून थेट विकतोय. आता नुसते पैसे घेऊन वस्तू द्यायची की काही लिहून घ्यायचं? साध्या कागदावर चालतं का, आणि त्यात नेमकं काय काय टाकायचं? महिन्याभराने "हे बिघडलंय, पैसे परत करा" म्हणत आला तर काय? कुणाकडे नमुना असेल तर टाका प्लीज.

सहज_आलो
चॅट आहे, जाहिरात आहे, पेमेंटची नोंद आहे. बास की, कागद कशाला अजून.

नंबरवाली
@सहज_आलो नाही हो, चॅटमध्ये "लॅपटॉप फायनल, उद्या भेटू" एवढंच असतं, कुठला लॅपटॉप ते कुठेच नसतं. त्याच मॉडेलचे हजारो फिरतात. उद्या तोच फोन कुठल्या भानगडीत सापडला, किंवा समोरच्याने दुसराच बिघडलेला पीस आणून "हाच तुम्ही दिला होता" म्हटलं, तर चॅट काय दाखवणार?

पावतीचा सगळा जीव त्या नंबरात आहे. फोनसाठी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा ओळख नंबर. डायल पॅडवर *#०६# दाबा, स्क्रीनवर येईल, १५ अंकी असतो आणि दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात, दोन्ही लिहा. खोक्यावरचा नुसता उतरवू नका, खोकी बदललेली असतात, स्क्रीनवरचा आणि खोक्यावरचा जुळतोय का ते दोघांनी मिळून बघा. शेवटचा अंक आधीच्या १४ अंकांवरून हिशोबाने काढलेला असतो, त्यामुळे उतरवताना एखादा अंक चुकला तर आयएमईआय तपासायच्या साइटवर तो नंबर चुकीचा म्हणूनच येतो. लिहून झाल्यावर एकदा टाकून बघायचा, अर्धं मिनिट लागतं.

लॅपटॉपचा सिरीयल नंबर खाली स्टिकरवर असतो पण स्टिकर घासून गेलेले असतात, म्हणून बायोसमधला (लॅपटॉप चालू होताना विंडोजच्या आधी उघडता येते ती सेटिंगची स्क्रीन) बघा. मदरबोर्ड कधी बदलला असेल तर बायोसमध्ये नंबर वेगळा किंवा रिकामा दिसू शकतो, तसं असेल तर तेही लिहा, नाहीतर घेणाऱ्याला उगाच शंका येते.

टॅबवाला
वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. त्यात माझी भर म्हणजे दोष लिहा, हात आखडता न घेता लिहा. लोक भाव पडेल म्हणून "कंडिशन चांगली" लिहून मोकळे होतात, ते दोन शब्द कुणाच्याच कामाचे नाहीत. मी टॅब विकला तेव्हा स्क्रीनच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढा पिवळट डाग होता, पांढरं पान उघडलं तरच दिसायचा. पावतीत तसाच लिहिला, "वरचा उजवा कोपरा, पिवळट डाग, पांढऱ्या स्क्रीनवर दिसतो", आणि घेणाऱ्याची त्याच ओळीशेजारी सही घेतली. नंतर त्याचा फोन आला की डाग पडलाय म्हणून. पावतीचा फोटो पाठवला, तो म्हणाला हो हो आठवलं, विषय संपला. भांडण नाही काही नाही.

बॅटरीचंही तसंच, "बॅकअप चांगला आहे" असं लिहू नका, आकडा लिहा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता दोन्ही येतात. आयफोनला सेटिंगमध्ये टक्के दिसतात.

घेणारा_नेहमीचा
मी जास्त करून घेणाऱ्याच्या बाजूला असतो म्हणून तिकडून सांगतो. मला पावतीत दोन वाक्यं हवीच असतात, एक म्हणजे वस्तू विकणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीची आहे, आणि दुसरं म्हणजे तिच्यावर कुठला हप्ता किंवा कर्ज बाकी नाही. मूळ बिल असेल तर द्याच, वॉरंटी बाकी असेल तर सर्व्हिस सेंटरवाले ते मागू शकतात. बिल हरवलं असेल तर "मूळ बिल उपलब्ध नाही" असं स्पष्ट लिहा.

ओळखपत्र दोघांनी एकमेकांचं बघायचं आणि नाव पावतीवरच्या नावाशी जुळवायचं. कॉपी द्यायचीच असेल तर तिच्यावर आडवं "फक्त या फोनच्या विक्रीसाठी" आणि तारीख लिहून द्या, कोरी कॉपी अनोळखी माणसाच्या हातात द्यायची नाही.

रिसेट_गुरू
सगळे कागदावर बोलतायत पण लॉगआउटचं कुणीच बोललं नाही. नुसता रिसेट मारून उपयोग नाही!! आयफोनला २०१३ च्या आयओएस ७ पासून अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडला ५.१ पासून तसंच संरक्षण आलं, अकाउंट न काढता रिकव्हरीतून रिसेट केलं तर चालू करताना जुन्याच मालकाचा पासवर्ड मागतो. म्हणजे घेणाऱ्याने पैसे मोजले आणि हातात बंद डबा. म्हणून क्रम असा ठेवा, आधी चालू फोन दाखवा, कॅमेरा स्पीकर चार्जिंग सगळं त्याला बघू द्या, आयएमईआय लिहा, मग अकाउंट काढा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, ई-सिम असेल तर ते डिलीट करा, मग रिसेट, आणि पहिली सेटअपची स्क्रीन घेणाऱ्याला दिसली की मगच सह्या. लॅपटॉपला बायोस पासवर्ड टाकला असेल तर तोही काढायला विसरू नका. आणि डेटाचा बॅकअप आदल्या दिवशीच घेऊन ठेवा, घेणारा समोर बसलेला असताना फोटो कॉपी करत बसायची वेळ येऊ नये.

नंबरवाली
नमुना मागितला होता ना, मी वापरते तो टाकते, साध्या कागदावर हाताने लिहिलं तरी चालतं:

"मी, (विकणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता), माझ्या मालकीचा (कंपनी, मॉडेल, रंग, स्टोरेज), आयएमईआय / सिरीयल नंबर ______, हा आज दि. ______ रोजी ______ वाजता (घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता) यांना ______ (अक्षरी ______) इतक्या रकमेला विकला. रक्कम ______ मार्गाने मिळाली, व्यवहार क्रमांक ______. यावर कुठलंही कर्ज वा हप्ता बाकी नाही. सोबत दिलेल्या वस्तू: ______. माहीत असलेले दोष: ______. वस्तू घेणाऱ्याने चालवून, तपासून, आहे त्या स्थितीत घेतली. माझं अकाउंट काढून रिसेट दोघांसमोर केलं."

खाली दोघांच्या सह्या, दोन प्रती, एकेक दोघांकडे. वेळ मुद्दाम लिहा, कारण त्या वेळेनंतर त्या फोनवरून जे काही होईल ते तुमच्या हातून झालेलं नाही हे त्यावरूनच कळतं. आणि पैसे आल्याचा त्याच्या मोबाइलमधला स्क्रीनशॉट धरू नका, तुमच्या खात्यात जमा दिसले की मगच व्यवहार क्रमांक लिहा.

विकणारा_१
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. "आहे त्या स्थितीत" लिहिलं म्हणजे नंतर माझ्यावर काहीच येत नाही ना? आणि दोन्ही वस्तू एकाच पावतीत घेऊ का?

घेणारा_नेहमीचा
माहीत असलेला दोष लपवून ते वाक्य लिहिलंत तर ते तुम्हाला वाचवणार नाही. दोष लिहून मग लिहिलंत तर त्याला वजन आहे. आणि पावत्या दोन करा, उद्या त्याने फोन पुढे कुणाला विकला तर त्याला फोनचीच पावती द्यावी लागेल, त्यात तुमचा लॅपटॉप कशाला. किंमतही वेगवेगळी लिहा.

विकणारा_१
ओके, दोन करतो. लॅपटॉपची एंटर की कधीकधी अडकते आणि चार्जर कंपनीचा नाही, नंतर घेतलेला आहे.

टॅबवाला
दोन्ही लिहा. चार्जरच्या मागे किती वॉट छापलंय तेही टाका, आणि एंटर की त्याला दहा वेळा दाबून बघू दे सहीच्या आधी.