कर्नल मॉड्यूलमध्ये // चालावं का, आणि कंपायलरचे फ्लॅग (पर्याय) कोणी ठरवायचे?

मूळ मत
लिनक्स कर्नल मॉड्यूलमध्ये, म्हणजे कर्नलला जोडायच्या सी कोडमध्ये, // कॉमेंट नकोच. हे बघा:

// आधी चिप रीसेट करा \
चिप_रीसेट(डेव्ह);

मॅक्रोमधून उचललेल्या ओळीला शेवटचा बॅकस्लॅश चिकटून राहिला की खालची ओळही कॉमेंटमध्ये जाते. रीसेट होतच नाही. /* */ कुठे मिटलं ते डोळ्यांना दिसतं. मेकफाइलमधल्या 'सीसीफ्लॅग्स-वाय'ला (मॉड्यूलच्या फ्लॅगच्या यादीला) '-अँसी', म्हणजे // न मानणारं जुनं सी प्रमाण, जोडा; // दिसताच कंपायलर एरर देईल.

विरोधात
धोका खरा, उपाय चुकीचा. सी फाइलची पहिली ओळ, म्हणजे एसपीडीएक्स परवाना, कर्नलच्या नियमानुसार // नेच लिहितात. बिल्ड तिथेच अडेल. ती बदलली तरी कर्नलच्या हेडर्समध्ये 'टाइपऑफ' आणि 'एएसएम' हे जीसीसी कंपायलरचे जादा शब्द जागोजागी आहेत, '-अँसी' ते शब्दच बंद करतं. कर्नल ५.१८ पासून जीएनयू११ वर (सी११ अधिक जीसीसीचे जादा शब्द) आहे. बॅकस्लॅशची चूक '-वॉल' या फ्लॅगमधली वॉर्निंग पकडतेच; ती एरर हवी असेल तर '-डब्ल्यूएरर=कॉमेंट' जोडा, बस.

मूळ मताच्या बाजूने
हेडरमध्ये परवाना /* */ मध्येच लागतो, कारण काही हेडर्स असेम्ब्लीतही घेतली जातात. मग दोन शैली कशाला? आणि फ्लॅगचं म्हणाल तर कर्नलच्या बिल्ड व्यवस्थेवर न सोडता जीसीसीची ओळ हातानेच लिहावी. '-ओ०' (ऑप्टिमायझेशन बंद) दिलं की डिबगरला सगळे व्हेरिएबल दिसतात.

विरोधात
इथे कॉमेंटपेक्षा मोठं नुकसान आहे. एक्स८६-६४ वर कंपायलर स्टॅक पॉइंटरखालचे १२८ बाइट, म्हणजे रेड झोन, पॉइंटर न हलवता वापरतो. कर्नलमध्ये इंटरप्ट त्याच स्टॅकवर येऊन ते पुसू शकतो. म्हणून केबिल्ड, म्हणजे कर्नलची बिल्ड व्यवस्था, रेड झोन बंद करतं, एसएसई या प्रोसेसरच्या जादा सूचनाही बंद ठेवतं, नाहीतर युजर प्रोग्रॅमचे रजिस्टर बिघडतील. हाताच्या ओळीत यातलं एक राहिलं तरी मॉड्यूल लोड होतं, आणि लोकल व्हेरिएबल कधीतरीच बदलतं. असा बग शोधणं फार जड. '-ओ०' वर तर कर्नल बांधताच येत नाही: 'बिल्ड_बग_ऑन'सारख्या कंपाइल करतानाच्या तपासण्या, कधीच न चालणारा (मृत) कोड कंपायलर काढून टाकेल या भरवशावर आहेत. डिबगरसाठी नेमक्या फंक्शनला 'नोइनलाइन' (दुसऱ्या फंक्शनमध्ये मिसळू नको) लावा.

मूळ मत
'-अँसी' मागे घेतो. /* */ चा आग्रह कायम: स्विचमध्ये मुद्दाम 'ब्रेक' न देता पुढच्या केसमध्ये जाताना लिहायची /* फॉल थ्रू */ कॉमेंट जीसीसीलाही कळते, मग ते वॉर्निंग देत नाही.

विरोधात
आता नाही. कर्नल त्या वॉर्निंगची पाचवी पातळी लावतो, तिथे कॉमेंट धरत नाहीत. क्लँग हा दुसरा कंपायलरही धरत नाही. ५.४ पासून 'फॉलथ्रू;' हा मॅक्रो आहे, केसच्या शेवटी तोच लिहा.