प्रतिसाद: वाद्य घरी न्यायला मिळालं तरच काहीतरी होतं

वर कुणीतरी लिहिलंय की माजी सैनिक आणि वस्तीतली पोरं संगीत शिकायला एका वर्गात बसवली तर दोघांचंही धड होत नाही. मला नाही पटलं बुवा. आमच्या सोलापुरात पूर्व भागात एका देवळात संध्याकाळी असा वर्ग चालायचा, एक फौजेतून रिटायर्ड हवालदार काका आणि विडी कामगार बायकांची दहा-बारा पोरं, पेटी एकच आणि तिचाही भाता फाटका. फायरिंगमुळे काकांना एका कानानं कमी ऐकू यायचं म्हणून सुरात गडबड व्हायची, पण लयीला माणूस एकदम पक्का. गणपतीत लेझीम खेळून पोरांच्या अंगात ठेका असतोच, मग तीनतालाच्या १६ मात्रा (ठोके) हातावर टाळी-खाली, म्हणजे कुठं टाळी तर कुठं नुसता हात हलवून, मोजत शिकायला कितीसा वेळ लागतो, आणि खर्च शून्य.

बंद पडलं ते रियाजावरून. घरी वाद्यच नाही तर आठवड्याच्या दोन तासांत काय डोंबल होणार? अमेरिकेत मिलवॉकीला २००७ साली सुरू झालेली ‘गिटार्स फॉर वेट्स’ संस्था आहे ना, ते माजी सैनिकांना दहा धडे फुकट देतात आणि धडे पूर्ण केले की गिटार त्यांचीच. हे डोकं आवडलं मला.

आपल्याकडे गिटार कशाला, कितीतरी घरांत आजीच्या भजनी मंडळातली पेटी माळ्यावर धूळ खात पडलीय. माझ्याकडेच एक आहे, दोन सूर बोंबलतात, दुरुस्त करून द्यायला तयार आहे. कुणाला हवी असेल तर इथंच सांगा.