लांब पल्ल्याचे ड्रोन: टोळीला धरायचं की माल पुरवणाऱ्या देशाला?

दांडियाबाजारकर: बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीत उमेदीची वर्षं काढली, म्हणून 14 सप्टेंबर 2019 डोक्यातून जात नाही. सौदीतल्या अबकैकच्या तेल प्रक्रिया केंद्रातल्या गोल टाक्यांवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रं इतकी नेमकी आदळली की दिवसाला 57 लाख बॅरल, म्हणजे सौदीचं निम्मं उत्पादन, बंद पडलं. येमेनमधले बंडखोर हूती म्हणाले आम्ही केलं. सौदी आणि अमेरिकेने इराणचं नाव घेतलं, इराणने कानावर हात ठेवले. हजार किलोमीटर जाऊन ठरलेल्या टाकीवर पडणारं यंत्र येमेनच्या डोंगरात आपोआप उगवत नाही. पुरवणाऱ्या देशालाच धरा, टोळीशी कसली हुज्जत?

सयाजीगंज: काका, तुम्ही 2019 मध्येच थांबलात. इंजिनं, सुटे भाग खुल्या बाजारातून जातात, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी अवशेष तपासून लिहिलंय. आराखडा इराणचा असेल, जुळणी येमेनमध्ये होते. आणि टोळी कसली? येमेनची राजधानी सना 2014 पासून हूतींच्याच हातात आहे. 19 जुलै 2024 ला तेल अवीववर त्यांचा ड्रोन पडला, एक जण गेला. दुसऱ्या दिवशी इस्रायलने बाँब कुठे टाकले? तेहरानवर नाही, येमेनच्या हुदैदा बंदरावर.

रावपुरा: पैशाचं बोला. इराणी शाहेद जातीचा ड्रोन 20 ते 50 हजार डॉलरचा मानतात, तो पाडायला वापरलेलं अमेरिकी पॅट्रियट क्षेपणास्त्र 40 लाख डॉलरच्या आसपास. किती दिवस पुरणार?

मांजलपूरवाली: आणि मरतं कोण? 17 जानेवारी 2022, अबू धाबीचं मुसफ्फा: दोन भारतीय, एक पाकिस्तानी. पोटासाठी गेलेली माणसं. पुढे तर आपल्या गुजरातच्या दाराशी आलं. 23 डिसेंबर 2023 ला वेरावळपासून सुमारे 200 सागरी मैलांवर केम प्लूटो जहाजावर ड्रोन आदळला, खलाशी बहुतेक आपलेच. अमेरिका म्हणाली इराणहून सुटला, इराण म्हणाला छे. नौदलाच्या विनाशिका गेल्या, समुद्राच्या तळातूनही शोधून काढू असं राजनाथसिंह म्हणाले. काका, धरलं कोणाला?

दांडियाबाजारकर: अहो, हेच तर म्हणतोय! मधे टोळी ठेवली की देशाला हात झटकता येतात.

सयाजीगंज: तुमचा उपाय करून झालाय. आरएसएफला, म्हणजे सैन्याशी लढणाऱ्या तिथल्या निमलष्करी दलाला, शस्त्रं पुरवल्याचा आरोप करत सुदानने यूएईला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. यूएईने आरोप फेटाळले, आणि 5 मे 2025 ला अधिकारक्षेत्र नाही म्हणून खटलाच काढून टाकला गेला. त्याच आठवड्यात पोर्ट सुदानच्या विमानतळावर, इंधनसाठ्यांवर ड्रोन येत होते. सैन्याने ठपका आरएसएफवर ठेवला. आता यूएईला धरा म्हणणार? अर्धं बडोदं तिथे नोकरीला आहे.

दांडियाबाजारकर: म्हणणार. जावई दुबईत आहे, तरी म्हणणार. पुरवठा झाला नाही असं न्यायालयाने कुठे म्हटलंय? आमच्याकडे चालणार नाही, एवढंच म्हटलंय.

मांजलपूरवाली: आधी जावयांना विचारा, मग म्हणा.